वधूपक्षाचा पाळक

कौंडण्यपुरात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक आजोबांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, घरात मटण शिजतं का हेही विचारलं नाही. सुपारी कातरता कातरता त्यांनी एवढंच विचारलं, "तुमी कोनाकडले?"

मी म्हटलं, "नगरकडचा. ख्रिस्ती पाळक आहे."

"ते समजलं. पोराकडले का पोरीकडले?"

खोली भाड्याने घेताना हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उलगडा मागाहून झाला. वर्धा नदीच्या काठावरचं हे गाव म्हणजे रुक्मिणीचं माहेर. इथल्याच अंबिकेच्या देवळातून कृष्णाने तिला रथात घालून नेली असं गाव सांगतं, आणि अशा आवाजात सांगतं की रथाची धूळ अजून खाली बसायची आहे असं वाटावं. त्यामुळे उभा महाराष्ट्र ज्याला माउली म्हणतो तो पंढरीचा विठोबा इथे नात्याने जावई लागतो. आणि जगातली यच्चयावत माणसं दोनच प्रकारची ठरतात: पोराकडली आणि पोरीकडली.

मी जमेल तसं सांगितलं. आमच्या शास्त्रात ख्रिस्ताला वर म्हटलंय आणि मंडळीला, म्हणजे त्याच्या माणसांना, वधू. शेवटच्या पुस्तकात तर लग्नाची पंगतसुद्धा आहे.

"आन तुमी त्या मंडळीचे कोन?"

"पाळक."

"मंग पोरीकडलेच झाले ना बाप्पा! आपल्यातल्या मानसाकडून अनामत कायले घेता? जाऊ द्या."

'मंडळीचं स्वरूप' या विषयावर मी सेमिनरीत पुष्कळ ऐकलं होतं, थोडं वाचलं होतं आणि परीक्षेत भरपूर लिहिलं होतं. सुपारीच्या दोन खांडांमध्ये तो विषय कोणी संपवला नव्हता.

पोरीकडचं असणं म्हणजे काय, हे ज्या मुलखाचं नावच वऱ्हाड आहे तिथे शिकवावं लागत नाही. पोरीकडचा माणूस शेवटच्या पंगतीला बसतो. वरणात मीठ कमी पडलं तर आचाऱ्याच्या आधी तो हात जोडतो. एरवी ज्याला घरचं कुत्रं विचारत नाही असा वरपक्षातला पोरगा "पाणी थंड नाही" म्हणाला की तो बर्फ आणायला पळतो. आणि हे सगळं हसतमुखाने करतो. येशूचं डोंगरावरचं प्रवचन मी वीस वर्षं सांगत आलोय. त्यातला सौम्य, दीन, शांती करणारा माणूस प्रत्यक्षात दिसतो कसा, हे मला पहिल्यांदा एका लग्नाच्या मांडवात कळलं. तो घामाने भिजलेला होता आणि बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून आणत होता.

मी स्वतः मात्र इतकी वर्षं धर्मात वरपक्षासारखा वावरत होतो. कोणाच्या घरी प्रार्थनेला गेलं की खुर्ची हाताची मिळाली की बिनहाताची, चहा कपबशीत आला की स्टीलच्या ग्लासात, निरोप द्यायला फाटकापर्यंत कोण आलं आणि कोण ओट्यावरूनच "सलाम पास्टर" म्हणालं, याची नोंद पाळकांच्या डोक्यात आपोआप होते. माझ्याबद्दल बोलत नाही, एकूण पाळकांबद्दल बोलतोय. बरं, माझ्याबद्दलही.

त्यातून हा अमरावती जिल्ह्यातला तिवसा तालुका. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी याच तालुक्यात. गाडगेबाबा याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. अशा ठिकाणी प्रवचनाने कोणी दबत नाही. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. मी आधी संदेश देतो, आणि मग झाडायचं राहून जातं.

पत्रांच्या बाबतीतही हे गाव आम्हाला भारी आहे. नव्या करारात पौलाच्या नावावर तेरा पत्रं आहेत. एकट्या करिंथच्या मंडळीला दोन, तरी तिथली भांडणं आजही कुठल्याही मंडळीच्या कमिटीत जशीच्या तशी ऐकायला मिळतात. रुक्मिणीने एकच पत्र लिहिलं, तर वर रथ घेऊन दारात. त्या एका लग्नावर मराठी कवितेचं किती शतकं भागलं! याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महदंबेने धवळे गायले ते याच लग्नाचे, आणि एकनाथांनी १५७१ मध्ये 'रुक्मिणीस्वयंवर' पुरं केलं तेही याच पोरीचं. भाषेची ऐट मी नगरकराने मिरवावी, तर तिथेही पंचाईत आहे. १८०५ साली श्रीरामपूरच्या मिशनने मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं, तेव्हा विल्यम कॅरींच्या हाताशी होते पंडित वैजनाथ, नागपूरकडचे. आणि ते श्रीरामपूर बंगालमधलं. बरीच वर्षं मी ते आमच्या नगर जिल्ह्यातलं समजून अभिमान बाळगला होता.

माझी मंडळी बारा घरांची. येशूचे शिष्यही बाराच होते, पण ते एकत्र हिंडायचे. माझी घरं कुऱ्हा, तिवसा, चांदूर रेल्वे अशी पांगलेली, आणि मधे माझी फटफटी. वचन सांगणं सोपं असतं. लोकांनी ते लक्षात ठेवलं की अवघड होतं. मे महिन्यातल्या एका रविवारी मी दुसऱ्या कोसावर बोललो. रोमी शिपाई वाटसरूला वेठीला धरून ओझं वाहायला लावायचे. येशू म्हणाला, एक कोस नेलं तर आपण होऊन दोन जा. चांगला रंगला संदेश. सोमवारी सकाळी मंडळीतले एक काका तुरीच्या बियाण्याची पिशवी घेऊन गावच्या वेशीवर उभे.

"पास्टर, सलाम. कुऱ्ह्यापर्यंत सोडता?"

सोडलं. म्हणजे कुऱ्ह्याला गाडी थांबवली. काका हलेनात.

"काका, कुऱ्हा आलं."

"हाव ना. हा पयला कोस झाला."

तिवशापर्यंत गेलो. वाटेत मला एवढंच सुचलं की रोमी शिपाई पेट्रोलवर चालत नव्हते.

त्याच महिन्यात कोट गेला. काळा, लोकरी, माझ्या दीक्षाविधीला शिवलेला, नाताळ आणि लग्नं यांपुरता बाहेर निघणारा. आजोबांच्या नातवाचं लग्न ठरलं होतं. तो दारात येऊन चौकटीला नखाने खरडत उभा राहिला. "पास्टरकाका, तुमच्या पुस्तकात असं हाय म्हने, का कोनी अंगरखा मांगला तं वरचं पांघरूनबी द्याव?"

मंडळीत कधी न येणाऱ्या माणसाला नेमकं तेच वचन कसं कळतं, हे कोडं आहे. माझा संशय बियाण्याच्या पिशवीवर आहे. मी कोट दिला. पास्टरीणबाईंनी आतून नेकटाय आणून स्वतःहून वर ठेवला. अंगरख्यावर पांघरूण, म्हणजेच कोटावर टाय, असा त्यांनी त्या वचनाचा अर्थ लावला होता.

"दोन दिवसांत आनतो," नातू म्हणाला. त्याच्याकडून तो त्याच्या मावसभावाकडे गेला, तिथून देउरवाड्याला एका मित्राकडे, तिथून आणखी कुठे. त्या लग्नसराईत माझ्या हातून एक लग्न लागलं, माझ्या कोटाच्या अंगावर चार लागली. परत आला तेव्हा पाठीवर, डाव्या खांद्याच्या जरा खाली, हळदीच्या हाताचा ठसा होता. चार बोटं पुरी आणि करंगळी अर्धी. रिठे झाले, लिंबू झालं, शेजारच्या वहिनींनी सुचवलेलं सगळं झालं. ठसा फिका झाला, पण राहिला. सावलीत लपायचा, उन्हात उठून दिसायचा. "काही हरकत नाही," असं मी नातवाला म्हणालो, आणि त्या आठवड्यात घरात तीन वेळा विनाकारण भांडलो.

मग जेठ लागला आणि पालखीची गडबड सुरू झाली. रुक्मिणीची ही पालखी १५९४ पासून पंढरपूरला पायी जाते असं सांगतात. लोक सणावाराला पोरीला माहेरी आणतात; इथे अख्खं गाव पोरीला सासरी पोचवायला निघतं. पंढरपुरात रुक्मिणी रुसून वेगळ्या गाभाऱ्यात उभी आहे, त्यामुळे सोयरिकीतलं हे प्रकरण नाजूकही आहे. निघताना मी आजोबांना विचारलं, "जावयाला काही बोलणार का?"

"काय बोलता? अठ्ठाईस युगं झाले, बसा म्हनलं तं बसत नाई मानूस. कवापासून उभाच हाय. अशाशी भांडाव तरी कसं?"

महिनाभर चालून ते परतले, गाडीने. ओट्यावर बसले आणि चपला काढल्या.

इथे एक कबुली. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी आम्ही पाळक बारा जणांचे पाय धुतो. येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे धुतले, त्याची आठवण. गंभीर विधी आहे. डोळे भरून येतात. पण ज्यांचे पाय धुवायचे ते घरूनच साबणाने घासून, काहीजण तर पावडर लावून येतात. मी वीस वर्षं धुतलेलेच पाय धुतले होते. आजोबांचे पाय मात्र वाऱ्या केलेले. भेगांत वाटेतल्या सगळ्या जिल्ह्यांची माती, अंगठ्याचं नख काळं पडलेलं, टाचेला फोड फुटून वाळलेला. पास्टरीणबाईंनी कोमट पाण्यात मीठ टाकून घमेलं माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी घमेलं खाली ठेवलं. हात पुढे जायला जेवढा वेळ लागायला नको होता, तेवढा लागला.

आजोबांनीच पाय मागे घेतले. "पाय धुवाचं काम पोरीच्या बापाचं असते. तेबी जवायाचे. तुमी माहे कायले धुता?"

"आमच्याकडे उलटं झालं," मी म्हणालो. "आमचा नवरदेव जेवता जेवता उठला, कमरेला पंचा बांधला आणि त्यानं पोरीकडच्यांचे पाय धुतले."

"जवायानं?"

"हो."

"अन् मंग तुमच्या लोकायनं काय केलं?"

"एकानं त्याच रात्री त्याला धरून दिलं. बाकीचे पळाले."

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आपणहून दोन्ही पाय घमेल्यात ठेवले. थोड्या वेळाने म्हणाले, "पानी जरा कढतच हाय." तेवढ्यापुरते ते वरपक्षात गेले.

वारीचं मावंदं झालं. नदीकाठी गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजलेले, वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार. आमच्या घरी झाकलेलं ताट आलं. नैवेद्य दाखवलेलं अन्न ख्रिस्ती माणसाने खावं का, यावर पौलाने करिंथकरांना सविस्तर लिहिलंय. मी पहिलं पत्र काढलं, आठवा अध्याय वाचला, मग दहावा, मग पुन्हा आठवा. पास्टरीणबाईंनी तोवर उभ्याउभ्या आभाराची प्रार्थना केली, रोडगा फोडला आणि म्हणाल्या, "पौलाचं होईपर्यंत तूप थिजेल."

आमच्या घरात शास्त्राचा अर्थ लावण्याचं शेवटचं कोर्ट म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. त्यांचे पती ना. वा. टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले, आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल वाचायला सांगितलं, आणि १८९५ मध्ये ते बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. लक्ष्मीबाईंना सोवळ्यातून तिथवर यायला आणखी पाच वर्षं लागली, कारण त्यांना प्रत्येक तत्त्व स्वयंपाकघरातून पार करावं लागलं. 'ख्रिस्तायन' टिळकांनी सुरू केलं, थोडे अध्याय लिहिले आणि ते गेले. उरलेलं महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. हा दाखला आमच्याकडे आठवड्यातून एकदा निघतो. "त्यांनी नवऱ्याचं काव्य पुरं केलं. मी तुमचं नळाचं गळणंसुद्धा पुरं करणार नाही. उठा."

मावंद्याच्या पंगतीत पोरांनी मला घेरलं होतं. "काका, तुमच्या येशूनं लग्नात पान्याचा द्राक्षारस केला म्हने?" केला, गालीलातल्या काना गावी, लग्नघराची अब्रू राखली. पण कौंडण्यपुरात हा चमत्कार समजावणं कठीण. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे अमरावती जिल्हा आणि पलीकडे वर्धा, गांधीजींमुळे दारूबंदीचा. म्हणजे तोच रांजण अलीकडच्या काठावर चमत्कार ठरेल आणि पलीकडे मुद्देमाल. आणि मे महिन्यातल्या लग्नात खरी पंचाईत पाण्याचीच असते. एका काकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "उलटं जमते का त्याले?"

कार्तिकात सोयाबीन निघालं आणि आमचा हंगामाचा रविवार आला. मंडळीने पहिल्या पिकातलं आणायचं, वेदीपुढे ठेवायचं, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. इथली ख्रिस्ती उदारता बघायची तर लिलावात बघावी. बाजारात वीस रुपयांच्या भोपळ्यासाठी तासभर घासाघीस करणारी माणसं देवापुढच्या भोपळ्याला तीनशे देतात, आणि एकमेकांकडे बघत देतात. त्या वर्षी संत्री, सोयाबीन, दोन भोपळे आणि एक कोंबडा आला होता, पाय बांधलेला, लाल तुऱ्याचा. मी देण्याच्या आनंदावर बोलत होतो. बोलता बोलता कोट आठवला. म्हटलं, दाखला द्यावा. "माझ्याकडूनही मागच्या उन्हाळ्यात एक वस्तू मागितली गेली. प्रिय बंधुभगिनींनो, मी ती आनंदानं दिली."

कोंबडा आरवला.

पेत्राची गोष्ट मंडळीतल्या लहान पोरांनाही पाठ आहे. कोंबडा आरवण्याआधी तो तीनदा खोटं बोलला होता. पहिल्या रांगेत खसखस पिकली. मी सावरून म्हणालो, "मला तिचं काही वाटलं नाही." कोंबडा पुन्हा. आता मागच्या रांगेतले काका मान वर करून बोटं मोजू लागले. तिसरं वाक्य माझ्या जिभेवर होतं, ते मी गिळलं आणि "आपण प्रार्थना करू या" म्हणालो. लिलावात तो कोंबडा पास्टरीणबाईंनी घेतला. अजून आमच्या अंगणात आहे. कापत नाहीत. म्हणतात, घरात साक्षीदार असलेला बरा.

डिसेंबरात थंडी पडली तसा कोट पेटीतून निघाला. चोवीस तारखेच्या रात्री बाराही घरांतली जी येऊ शकली ती माणसं आमच्या अंगणात जमली. पेटी होती, डफ होता, करंज्या आणि चकल्यांचे डबे होते. आजोबा कानाला मफलर गुंडाळून आले, सोबत नातसून. नातू नव्हता. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि पंपाची लाईन रात्रीची. दहा कुमारींच्या दाखल्यात वर मध्यरात्री येतो आणि पाच जणींचे दिवे विझत आलेले असतात. शहरात मला हा दाखला नीट समजावता यायचा नाही. इथे समजवावा लागत नाही. बारा वाजता कोण येणार आणि त्यासाठी टॉर्च चार्ज करून जागं का राहायचं, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

गाणी संपली. मी दिव्याकडे पाठ करून करंज्या वाटत होतो. मागून नातसून म्हणाली, "थांबा काका."

थांबलो. तिने कोटाला हात लावला नाही, जवळ येऊन बघितलं फक्त.

"हा माह्या मायचा हात हाय."

"कशावरून?"

"करंगळी पाहा ना. कडबा कापाच्या मशिनीत गेली तिची, मी लहान होती तवा. निंगताना तिनं यायच्या पाठीवर हात ठेवला होता. पोरीले सांभाळजा म्हने."

पास्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. गेले सात महिने तो हात घालवायला आम्ही काय काय चोळलं होतं, ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. अंगणाच्या कोपऱ्यात टोपलीखाली कोंबडा होता. नशिबाने गप्प होता.

आजोबांनी करंजीचा चुरा मिशीवरून पुसला, कोट एकदा नीट बघून घेतला आणि म्हणाले, "मंग? म्या पयल्याच दिवशी सांगतलं होतं. पोरीकडलेच हाय तुमी."

तेवढ्यात शेतातून नातू आला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. लाईन दीडलाच गेली म्हणाला. मी घमेलं शोधायला आत गेलो.